ऐन गणपतीतली पाहणी

गणेशमूर्तींचा कारखाना वाढवायला सरकारी अनुदान मिळावं म्हणून पेणमधल्या रामवाडीच्या प्रणिताताईंनी वर्षभर खेटे घातले. शेवटी साहेब पाहणीला आले, ते ऐन गणपतीत.

"फळ्या रिकाम्या, कामगार एकही नाही. बंद उद्योगाला अनुदान देता येत नाही, ताई."

"बंद नाय ओ साहेब. मूर्ती सगळ्या लोकांच्या घरी बसल्यात, कामगार सणाला गावी गेलेत. दिवाळीनंतर या, पाय ठेवायला जागा नसंल."

"डोळ्यांना दिसतं तेच आम्हाला लिहावं लागतं." साहेब घाईत होते. "निघतो. घरी गणपती आहे, आरतीला सगळे खोळंबलेत."

प्रणिताताईंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. "मूर्ती कुठून आणलीत?"

"कुठून म्हणजे? पेणहून. आमच्याकडे दुसरीकडची चालतच नाही."