वारा आहे तोवर

"पंख उचल," शरयूताई कॉकपिटमधून म्हणाल्या, पण अमोघ जागचा हलला नाही.

बिनइंजिनाचं ग्लायडर एका पंखावर कलून गवतात उभं होतं. कुणीतरी तो पंख उचलून धरल्याशिवाय त्याला दोरानं ओढून वर नेता येत नाही. गेल्या वर्षी ग्लायडिंग क्लबच्या अशाच डोंगरातल्या सहलीत शरयूताई ग्लायडरसकट शेतात कोसळल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं. यंदा आई नुसती बघायला येणार, असं अमोघनं परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"सर, तुम्ही तरी नाही म्हणा," तो प्रशिक्षकांना म्हणाला.

"सकाळी मी त्यांच्या मागे बसून उडालो. हात पक्का आहे. कशाला नाही म्हणू?"

"आई, पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन. खुर्चीत बसून झिजण्यापेक्षा ते बरं. धरतोस, की दुसऱ्या कुणाला बोलावू?"

अमोघनं पंख उचलला.

वर दोर सुटला आणि ग्लायडर भराभर खाली जाऊ लागलं. शरयूताईंचा हात आपसूक मैदानाकडे वळू पाहत होता. त्यांनी तो आवरला आणि ग्लायडरचं नाक सरळ समोरच्या डोंगरकड्याकडे वळवलं. कड्यावर आदळून वर येणारा वारा पंखांखाली मिळाला, तसं ते चढू लागलं.

बऱ्याच वेळानं रेडिओवर मुलाचा आवाज आला. "आई, झालं ना मनासारखं? उतर आता. सगळे जेवायला थांबलेत."

"वारा छान आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."