दहावी पट्टी

"टाक ना आई, टाक!" भिंगरी खुर्चीवरून उठूनच ओरडली.

सभागृहातल्या भल्यामोठ्या पडद्यावर वरून एक लांबडी दांडी घसरत येत होती. एकावर एक चार चौकोन, सरळ उभे. ठोकळ्यांच्या या जुन्या खेळात सगळे जिच्यासाठी जीव टांगणीला लावून बसतात, तीच ही दांडी. खाली आईने नऊ उभ्या पट्ट्या अशा रचल्या होत्या की सुई शिरायला जागा नव्हती. फक्त उजव्या कडेची दहावी पट्टी तळापासून वरपर्यंत मोकळी. दांडी तिथे सोडायची, की चार ओळी एका झटक्यात पूर्ण होऊन गायब. मग गुणच गुण.

आईने दांडी आडवी केली आणि अलगद भिंतीच्या डोक्यावर ठेवली.

"अरेरेरे!" अख्खं सभागृह कळवळलं.

"थांबा रे," मागच्या रांगेतून पोपट म्हणाला. वर्गात सगळ्यात जास्त तोच बोलतो, म्हणून पोपट. "चाल आहे ती काकूंची. पुढची दांडी आली की बघा!"

भिंगरी खाली बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या टोकावर टेकली. आज शाळेत 'सध्या काय खेळताय?' हा कार्यक्रम होता. घरातल्या एका मोठ्या माणसाने पाच मिनिटं खेळायचं आणि मग मुलाने माइकवर सांगायचं, या खेळात आपल्याला काय दिसलं. पोपटाच्या काकांनी समुद्राच्या तळाचा नवाकोरा खेळ खेळून दाखवला होता. डोक्यावरून देवमासा गेला तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलांनी खरोखर माना खाली घातल्या. एका मुलीच्या खेळात इतकं मोठं शहर होतं की तीन दिवस ती नुसत्या खिडक्या बघत हिंडतेय म्हणे, आणि प्रत्येक खिडकीत कुणीतरी राहतं! भिंगरीच्या घरी मामाने दिलेलं जुनं यंत्र आणि त्यात हा एकच ठोकळ्यांचा खेळ.

मागच्या वर्षीची भिंगरी असती, तर आज पोट दुखतंय म्हणून घरी राहिली असती. तेव्हा ती वर्गात तोंड उघडत नसे. यंदा उघडलं आणि चांगलंच उघडलं. "माझी आई बंदरात क्रेन चालवते," तिने भर वर्गात सांगून टाकलं होतं. "दिवसाला दीडशे कंटेनर उचलून ठेवते. तुमचे सगळे विक्रम ती झोपेत मोडेल!" आईने हा खेळ आजवर हातातसुद्धा धरलेला नाही, एवढं मात्र तिने सांगितलं नव्हतं.

दुसरी दांडी आली. "टाक, टाक!" सगळं सभागृह ओरडायला लागलं. आईने तीही आडवी केली.

तिसरीसुद्धा.

"भिंगरे," पोपट कानाशी वाकला, "काकूंना ती रिकामी जागा दिसत नाही का गं?"

कुणीतरी खुसखुसलं. एकही ओळ पूर्ण न झाल्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात गुणांच्या जागी शून्य ठाण मांडून बसलं होतं. भिंगरीचे कान तापले. शेजारी बाबा होते. बंदरातली पाळी संपवून पिवळ्या जॅकेटमध्येच तडक आलेले.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला!"

बाबा पडद्याकडे असे बघत होते की जणू सभागृहात दुसरं कुणी नव्हतंच.

भिंत छताला टेकली. भोंगा वाजला. खेळ खलास.

"ये गं, बोलायला ये," सरांनी माइक पुढे केला. भिंगरी उठली. दोन पानं पाठ केली होती तिने, आणि त्यातला प्रत्येक शब्द जिंकण्याबद्दलचा होता. मंचावर पोचल्यावर ती आईच्या कानात फुसफुसली, "दिसली नाही का तुला ती जागा?"

"दिसली की. मीच तर ठेवली होती."

"मग टाकलं का नाहीस?"

आई ओशाळली. "खेळ आहे हे कळत होतं गं. पण हातच वळेना. खाली माणसं असतात ना तिथे. कंटेनरच्या दोन रांगांमध्ये. कंटेनर जखडणारी कुलपं काढत असतात. त्यांच्या डोक्यावर कसं सोडू?"

भिंगरीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिली. अठरा मजली भिंत. पाच मिनिटांपूर्वी हातात आलेलं यंत्र, नवखी बटणं, दोनशे मुलांचा 'टाक, टाक' असा गिल्ला. आणि तरीही ती काळी पट्टी वरपासून खालपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ. एका ठोकळ्याचा एक कोपरासुद्धा तिच्यात घुसला नव्हता. आई काचेच्या केबिनमध्ये किती उंचावर बसते ते तिला ठाऊक होतं. तिथून ती खाली काय बघते, हे तिने आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"बोल बाळ," सर म्हणाले, "तुला काय दिसलं या खेळात?"

पाठ केलेली दोन पानं कुठल्या कुठे गेली होती. भिंगरीने माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पडद्यावरच्या त्या काळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"ती जागा रिकामी नाहीये," ती म्हणाली. "तिथे माझे बाबा काम करतात."