पेन्सिलीची फुली

भरतीच्या पाण्यात बुडेल असं कासवाचं घरटं सापडलं त्याच सकाळी किनाऱ्यावर वर हलवावं लागतं. त्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारायची, कारण नव्या खड्ड्यात अंडं उलटं बसलं तर आतला जीव मरतो. स्वयंसेवकांना हे ताईनेच शिकवलं होतं.

आज तिने वाळू उकरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या अंड्यांवर आधीच फुल्या होत्या.

"मास्तर, माझ्याआधी इथे हात कुणी घातला?"

"कुणी नाही गं," तिच्यासोबत आलेले स्वयंसेवक, निवृत्त मास्तर म्हणाले. "कासवीण आली-गेली तेवढाच माग आहे. माणसाचं एक पाऊल दाखव."

"मग फुल्या काय कासविणीने मारल्या? किनाऱ्यावर गाड्या पळवणाऱ्यांशी भांडून घसा बसला माझा, आता घरचेच भेदी निघाले!"

तिने एक अंडं हलकेच अंगठ्याने पुसलं. फुली जाईना. ती कवचाच्या आतल्या बाजूने होती.

घरी आली तरी ती धुमसतच होती. केसांत वाळू भरलेली, म्हणून धाकटी बहीण फणी घेऊन बसली. फणी मध्येच थांबली.

"ताई, टाळूला पेन्सिल लागलीये?"

"मग पूस की! तेही मीच सांगू?"

बहिणीने ओल्या टॉवेलने घासलं. मग जोर लावून घासलं.

"फुली आहे," ती हळूच म्हणाली. "आणि ताई, ती आतून आहे."