दहिसरचं चित्र

दहिसर शाखेकडे जाणारं चित्र अडकलं. शिकवणाऱ्या नंदकुमार सरांचं तोंड अर्धवट उघडं, हात हवेत.

थेट प्रक्षेपणाच्या नव्या यंत्रणेनं अशा वेळी आपणहून चित्र हलकं करून पाठवायचं होतं, पण ती ढिम्म. गंधालीनं वाट पाहिली नाही. दहिसरची जोडणी तिनं स्वतःच्या हाती घेतली, चित्राचा दर्जा थोडा उतरवला, आवाज मात्र तसाच ठेवला. सर पुन्हा हलायला लागले. तिथे कुणाच्या लक्षातही आलं नसावं.

बाळंतपणाच्या रजेनंतर तिचं हे पहिलंच मोठं थेट प्रशिक्षण. चारकोपच्या घरातून कंपनीच्या सगळ्या शाखांना, एकाच वेळी. रजेवरून परतल्यापासून तिला तात्पुरतंच ठेवलं होतं; आज गडबड झाली नाही तर कायम करण्याचं बघू, असं तिचा साहेब मुकुल सकाळीच म्हणाला होता. सर काय शिकवतायत ते तिला धड ठाऊकही नव्हतं. तापातून उठलेली लेक हॉलमध्ये झोपली होती. तिची चाहूल लागावी म्हणून हिनं हेडफोन लावलेच नव्हते, स्पीकरही बंद ठेवला होता. आवाजाची हिरवी पट्टी नाचतेय ना, तेवढं बघायचं.

मालाड डगमगलं, तिनं सावरलं. मग मुलुंड. अंधेरीत सगळे एकदम प्रशिक्षणाला जोडले गेले तेव्हा प्रत्येकाला वेगळं चित्र पाठवणं सोडून तिनं शाखेला एकच पाठवलं आणि तिथल्या तिथे वाटून दिलं. बोटं नुसती पळत होती. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर हसू. आपल्याला अजून सगळं येतंय की!

सासूबाई चहा घेऊन दारात आल्या. "काय गो, बरा चाललाहा मा?"

"झकास, आई. ती उठली तर बघाल ना?"

"ता माका सांगूक व्हया?"

तेवढ्यात मुकुलचा फोन आला. चित्र अडकलं की फिरतं ते गोल चाक कुठेच दिसलं नाही, वरची मंडळी जाम खूश आहेत, म्हणाला. तिनं लगेच विचारून घेतलं.

"मग माझं पक्कं ना रे?"

"आधी संपू दे गं," म्हणत त्यानं फोन ठेवला.

शेवटी प्रश्नोत्तरं. शाखांचे माइक उघडायचे तर ऐकावं लागतंच. सासूबाई लेकीपाशी जाऊन बसल्या, गंधालीनं हेडफोन चढवले. दहिसरच्या प्रियंकानं हात वर केला होता. तिचा माइक उघडला.

"सर, आमच्याकडे इतकं सलग कधीच येत नाही हो. आज अडकल्यासारखं वाटलंच नाही. कितीजण बसलेत यामागे?"

गंधाली खुर्चीत सरसावली. आपलं नाव घेतील? नुसतं 'आमची टीम' म्हणाले तरी चालेल.

नंदकुमार सर दिलखुलास हसले.

"अहो, मी मघापासून तेच तर शिकवतोय. ही नवी यंत्रणा सोमवारपासून सगळीकडे लागू. आज तिची परीक्षा होती, आणि तुम्ही सगळ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलीत," ते म्हणाले. "यामागे कुणीही बसलेलं नाही."