शेपटीजवळचं सॉकेट

“आण गं इंदुमती, प्लग मी तापवून देतो. तुझ्यानं व्हायचं नाही,” आमच्या मॉडेल उडवणाऱ्यांच्या क्लबचे सेक्रेटरी खिदळले.

कारखान्यातल्या प्रेस मशीननं माझ्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली. अंगठे शाबूत आहेत, म्हणून रिमोट चालतो. पण मॉडेल हेलिकॉप्टरचा ग्लो प्लग, म्हणजे तापून इंधन पेटवणारा प्लग, सांगाड्यात खोल असतो. इंजिन सुरू करताना त्यावर बॅटरीची क्लिप बसवायची, पेटलं की पात्यांखालून काढायची. ती माझ्या हातातून निसटते. वर्षभर दर रविवारी मी कुणाच्या तरी पाया पडत आले.

“नको. प्लगपासून वायर ओढून शेपटीजवळ सॉकेट बसवलंय. बॅटरी तिथंच जोडणार.”

“हेलिकॉप्टर आहे का मिक्सर? खरा पायलट हातानंच पेटवतो.”

“तुम्ही व्हा खरे. मला उडवायचंय.”

मी बॅटरी जोडली. उजव्या तळव्यानं पाती दाबून धरली, डाव्या हातानं स्टार्टर लावला. इंजिन नुसतंच घरघरलं. सेक्रेटरी पुढं सरसावले.

“थांबा तिथंच!”

दुसऱ्या खेपेला इंजिन कडकडून पेटलं. मागूनच बॅटरी काढली, लांब जाऊन रिमोट धरला.

हेलिकॉप्टर मैदानाकडेच्या कडुनिंबाच्या वर गेलं. त्या रविवारी मी कुणालाच थँक्यू म्हटलं नाही.