सांधा

रातपाळी संपवून इडेला सकाळी खोलीवर आली, तेव्हा थेल्मा अजून बिछान्यातच होती. खोली एक, बिछाना एक. थेल्मा दिवसा जहाजं बांधायच्या गोदीत गेली की इडेला झोपायची. संध्याकाळी इडेला गेली की थेल्मा. युद्ध सुरू झाल्यापासून खाडीकाठच्या त्या गावात कितीतरी माणसं अशीच झोपत होती.

"ऊठ गं बाई. पाय गळून गेलेत माझे."

थेल्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. "रॉस्को गेला," ती म्हणाली.

रॉस्को तिचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी होता.

बूट काढता काढता इडेला थांबली. "जर्मन पाणबुडीनं?"

"नाही. थंडीनं. उत्तरेच्या समुद्रात गारठून जहाज सांध्यावर मधोमध तडकलं म्हणे." थेल्मा उठून बसली. डोळे कोरडेच होते. "आपल्याच गोदीतलं, इडेला. मागच्या उन्हाळ्यात आपणच सांधलेलं. मुकादम मागे उभा राहून 'आटपा, आटपा' ओरडायचा, आणि आपण आटपायचो."

"अगं, शेकडो बायांनी वेल्डिंग केलंय त्या जहाजाचं."

"त्यातली एक मी होते ना?"

खरं तर थेल्मा जरा सरकावी आणि आपण डोळे मिटावेत, एवढंच इडेलाला हवं होतं. त्याची तिला लाज वाटली.

बाहेर गोदीचा भोंगा झाला. थेल्मा उठली आणि कातडी जाकीट अंगावर चढवू लागली.

"आज नको जाऊस."

"मग काय करू? झोपू?"

इडेलानं बुटाची सोडलेली नाडी पुन्हा बांधली.

फाटकावर मुकादमानं तिला अडवलं. "तुझी पाळी संपली ना?"

"हिच्यासोबत आलेय. माझी हजेरी मांडू नकोस."

"बरं, पण आटपा. रविवारी जहाज पाण्यात सोडायचंय."

"आज आटपणार नाही," इडेला म्हणाली.

मुकादमानं तिच्याकडे पाहिलं, मग थेल्माकडे. तो बाजूला झाला.

पत्र्यावर गुडघे टेकून थेल्मानं मुखवटा खाली ओढला. वेल्डिंगची कांडी सांध्याजवळ नेली. कांडीचं टोक सांध्यावर ठरेना, ठिणगी धरेना. इडेलानंही मुखवटा ओढला, तिच्या शेजारी बसली आणि तिच्या कोपराखाली आपला तळहात धरला.

भोवती सगळी गोदी घाईनं धडधडत होती. त्या दोघी हात स्थिर होण्याची वाट पाहत राहिल्या.