दिसतेय ती पुसा

"दोन्ही ड्राइव्ह गच्च भरल्यात. नवी सिस्टिम टाकायची तर यातली एक पूर्ण पुसावी लागेल. कुठली पुसू?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. समोर दोघी जावा उभ्या होत्या.

एका ड्राइव्हवर थोरलीने काढलेली कपड्यांची आजवरची सगळी डिझाइन्स होती. दुसरीवर धाकटीच्या आईने गायलेली गाणी होती, आणि ती आई आता नव्हती.

"माझ्या डिझाइन्सवर घर चालतंय," थोरली फणकारली. धाकटी रडत आतल्या खोलीत गेली. मी कॉम्प्युटर बंद केला आणि फोनचं निमित्त काढून गॅलरीत सटकलो.

परत आलो तर धाकटी डोळे पुसून उभी होती. "माझी पुसा, दादा," ती म्हणाली.

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. स्क्रीनवर एकच ड्राइव्ह दिसली, थोरलीची. उघड्या कॅबिनेटमध्ये दुसरीची जागा रिकामी होती.

"ताई, माझ्या आईची ड्राइव्ह कुठाय?" धाकटी किंचाळलीच.

थोरलीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दिसतेय ती पुसा," ती मला म्हणाली. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मान डोलावली. मी पुसून टाकली.

मग थोरलीने पर्स उघडली आणि आतली ड्राइव्ह धाकटीच्या हातात ठेवली.



"शेवटी तू 'माझी पुसा' म्हणणार, हे ठाऊक होतं मला."